माऊस बाजूला ठेवून: कीबोर्ड शॉर्टकटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची माहिती मुख्यतः विंडोज १० आणि विंडोज ११ यांची आहे. मॅक आणि लिनक्सवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं आहे. ‘विंडोज + डी’ असं लिहिलं असेल तिथे पहिलं बटण दाबून धरायचं, दुसरं एकदाच टिचकवायचं आणि मग दोन्ही सोडायची. नवख्यांची गाडी बहुधा इथेच अडते. दोन्ही बटणं एकाच क्षणी दाबायला जातात, त्यात दुसरं आधी लागतं आणि स्क्रीनवर नुसतं ‘डी’ उमटतं.

शॉर्टकट शेकडो आहेत. सगळे पाठ करायचे का?

नाही. यादी छापून टेबलाशेजारी चिकटवली तर ती तिथेच राहते, हातात उतरत नाही. आधी बटणांची घराणी ओळखा. विंडोज की अख्ख्या कॉम्प्युटरशी बोलते: डेस्कटॉप, टास्कबार, सेटिंग्ज, स्क्रीन लॉक. ऑल्ट हे विंडो आणि मेनूचं बटण. कंट्रोल विंडोच्या आतल्या मजकुरावर किंवा फाइलवर काम करतं. शिफ्ट जोडलं की तेच काम उलट्या दिशेने होतं किंवा वाढत जातं. टॅबने पुढच्या रकान्यात जाता, शिफ्ट + टॅबने मागच्या. कंट्रोल + उजवा बाण कर्सर एक शब्द पुढे नेतो, त्यात शिफ्ट आलं की तो शब्द सिलेक्ट होतो. ही वाटणी कळली की निम्मे शॉर्टकट अंदाजानेच सापडतात.

मग दिवसभरात माऊसने सगळ्यात जास्त वेळा करता अशी तीन कामं निवडा आणि आठवडाभर फक्त त्यांचेच शॉर्टकट वापरा. वर्षातून दोनदा लागणारा शॉर्टकट शिकण्यात अर्थ नाही. तिथे माऊसच बरा.

एका विंडोतून दुसरीत जायला ऑल्ट + टॅब वापरतो, पण पाच-सहा विंडो उघड्या असल्या की गोंधळ होतो. दुसरा मार्ग?

ऑल्ट + टॅब दोन विंडोंमध्ये ये-जा करण्यासाठी उत्तम. झटकन एकदा दाबलं की आधीची विंडो, पुन्हा दाबलं की परत. जास्त विंडो असतील तर कंट्रोल + ऑल्ट + टॅब दाबा. यादी स्क्रीनवर थांबून राहते, बाणांनी निवडून एंटर मारता येतं आणि ऑल्ट दाबून धरावं लागत नाही. ब्राउझरचे टॅबही ऑल्ट + टॅबमध्ये घुसत असतील तर सेटिंग्ज, सिस्टिम, मल्टिटास्किंग इथे जाऊन ते बंद करा.

रोजच्या प्रोग्रामसाठी मात्र टास्कबारचे नंबर सगळ्यात वेगवान. डावीकडून पहिला आयकॉन म्हणजे विंडोज + १, दुसरा विंडोज + २, असं ९ पर्यंत. प्रोग्राम बंद असेल तर उघडतो, उघडा असेल तर समोर येतो. शिफ्ट जोडलं तर त्याच प्रोग्रामची नवी विंडो उघडते. यासाठी आयकॉन टास्कबारवर पिन केलेले हवेत आणि त्यांचा क्रम बदलता कामा नये. क्रम हलला की बोटांची सवय मोडते आणि एक्सेलऐवजी आउटलुक उघडतं.

विंडोज + डी आणि विंडोज + एम यांत फरक काय?

दोन्हींनी डेस्कटॉप दिसतो. विंडोज + डी पुन्हा दाबलं की सगळ्या विंडो जागेवर परततात. विंडोज + एम नंतर त्या परत आणायला विंडोज + शिफ्ट + एम लागतं. डी पुरेसं आहे, एम विसरलात तरी चालेल.

फाइल एक्सप्लोररमध्ये सगळ्यात जास्त वेळ जातो. तिथे काय शिकावं?

वेळ खरोखर वाचतो तो इथेच, म्हणून जरा सविस्तर.

विंडोज + ई ने एक्सप्लोरर उघडा. ऑल्ट + डी दाबलं की कर्सर ॲड्रेस बारमध्ये जातो. तिथे फोल्डरचं नाव टाइप करून एंटर. एक पायरी वर जायला ऑल्ट + वरचा बाण, मागे जायला ऑल्ट + डावा बाण. नवीन फोल्डर कंट्रोल + शिफ्ट + एन. यादीत फाइल शोधायला तिच्या नावाची पहिली दोन-तीन अक्षरं भरभर टाइप करा, निवड थेट तिथे जाते. अक्षरांमध्ये थांबलात तर कॉम्प्युटर पुढच्या अक्षराला नवा शोध समजतो.

नाव बदलायला एफ२. नाव टाइप करून झालं की एंटरऐवजी टॅब दाबा. खालच्या फाइलचं नाव आपोआप बदलण्यासाठी उघडतं. सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या स्कॅन करून त्यांना ‘ए-१०१’, ‘ए-१०२’ अशी फ्लॅट नंबरांची नावं द्यायची असतील तर हे एकच तंत्र अख्खी दुपार वाचवतं. सगळ्यांना एकच नाव आणि पुढे क्रमांक चालत असेल तर कंट्रोल + ए ने सगळ्या निवडा, एफ२ दाबून नाव लिहा, एंटर मारा. विंडोज कंसात १, २, ३ घालून देतं.

सलग नसलेल्या फाइल निवडायच्या असतील तर कंट्रोल धरून बाणांनी फिरा आणि हव्या त्या फाइलवर कंट्रोल + स्पेस दाबा. कंट्रोल न धरता नुसता बाण दाबलात की आधीची निवड गेली, हे ध्यानात ठेवा. फाइलचा पूर्ण पत्ता हवा असेल तर विंडोज ११ मध्ये कंट्रोल + शिफ्ट + सी. ईमेलमध्ये अटॅचमेंट निवडण्याच्या खिडकीत तो पेस्ट केला की फोल्डरांमधून चढउतार करावी लागत नाही.

चुकून फाइल हलली किंवा नाव बिघडलं तर लगेच कंट्रोल + झेड. तो फक्त टायपिंगपुरता नसून एक्सप्लोररमध्येही चालतो, हे अनेकांना माहीत नसतं.

शिफ्ट + डिलीट वापरावं का?

शक्यतो नको. त्याने फाइल रिसायकल बिनमध्ये न जाता थेट पुसली जाते आणि कंट्रोल + झेडनेही परत येत नाही. ऑफिसच्या नेटवर्क ड्राइव्हवर साधं डिलीट दाबलं तरी फाइल तुमच्या रिसायकल बिनमध्ये येत नाही, आणि पेन ड्राइव्हवरही बहुधा तीच गत. ‘कायमचं डिलीट करायचं का?’ असा प्रश्न स्क्रीनवर आला तर सवयीने एंटर मारू नका.

मजकुरात मात्र शिफ्ट + डिलीट म्हणजे कट. जुन्या पद्धतीत कॉपीसाठी कंट्रोल + इन्सर्ट, पेस्टसाठी शिफ्ट + इन्सर्ट आणि कटसाठी शिफ्ट + डिलीट होतं. विंडोजमध्ये ते आजही चालतं. त्यामुळे एकाच जोडीचा अर्थ जागेनुसार बदलतो.

एका वेळी एकच गोष्ट कॉपी होते. चार गोष्टी कॉपी करून नंतर हव्या त्या पेस्ट करता येतील?

येतील. विंडोज + व्ही दाबा. पहिल्यांदा ‘टर्न ऑन’ विचारेल, ते करा. २०१८च्या ऑक्टोबरमधल्या अपडेटपासून ही सोय विंडोज १० मध्ये आली. शेवटच्या २५ गोष्टी तिथे राहतात, मजकूर आणि चित्रं दोन्ही. कॉम्प्युटर रीस्टार्ट केला की पिन केलेल्या सोडून बाकी जातात. जीएसटी क्रमांक, ऑफिसचा पत्ता, आयएफएससी कोड अशा रोज लागणाऱ्या गोष्टी पिन करून ठेवा.

यातला धोकाही समजून घ्या. कॉपी केलेला पासवर्ड तिथे दिसत राहू शकतो. सामायिक कॉम्प्युटरवरून उठताना विंडोज + व्ही उघडून ‘क्लिअर ऑल’ करा.

कंट्रोल + शिफ्ट + व्ही म्हणजे काय? त्याने माझा मराठी मजकूर इंग्रजी कचऱ्यात बदलला.

हा शॉर्टकट ब्राउझरमध्ये आणि नव्या वर्डमध्ये फक्त मजकूर पेस्ट करतो. मूळचा फॉन्ट, रंग, आकार गाळून टाकतो. वेबसाइटवरून घेतलेल्या मजकुराची पाठची करडी पट्टी त्यानेच जाते.

तुमचा मजकूर बिघडला कारण तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या भाषांची अक्षरं साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, नव्हताच. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना फक्त मराठी रूप देतो. फॉन्ट गाळला की आतलं उघडं पडतं. आधी कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणा, मग हा शॉर्टकट बिनधास्त वापरा.

मराठी आणि इंग्रजी कीबोर्डमध्ये पटकन अदलाबदल कशी करू?

विंडोज + स्पेस. विंडोज धरून स्पेस पुन्हा पुन्हा दाबलं की यादी फिरते. आधी सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, तिथे लँग्वेज अँड रीजन, आणि ‘ॲड अ लँग्वेज’मधून मराठी घ्या. मराठीखाली दोन कीबोर्ड मिळतात. इनस्क्रिप्ट हा सरकारमान्य मांडणीचा. फोनेटिक २०१९च्या विंडोज १० अपडेटपासून आला, त्यात इंग्रजी स्पेलिंगने मराठी उमटतं. रोज पानंच्या पानं टाइप करणाऱ्याने इनस्क्रिप्ट शिकावा. महिन्यातून दोन पत्रं लिहिणाऱ्याला फोनेटिक पुरतो.

इनस्क्रिप्टमध्ये हमखास अडणारी अक्षरं अशी: ‘ळ’ म्हणजे शिफ्ट + एन. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ हवा तर शिफ्ट + जे, मग डी, मग तिरक्या रेघेचं बटण, मग ई. साधा ‘र’ घेतलात तर ‘दुसर्या’ असा रफार होतो आणि वाचणारा अडखळतो. ज्ञ, त्र, क्ष, श्र ही शिफ्टसोबत अनुक्रमे ५, ६, ७, ८ वर आहेत.

कीबोर्ड मराठीवर असला तरी कंट्रोल + सी, कंट्रोल + व्ही नेहमीसारखे चालतात. अडचण येते ती अक्षरं टाइप करण्याच्या ठिकाणी. एक्सप्लोररमध्ये ‘बिल’ शोधायला इंग्रजी अक्षरं दाबता आणि कॉम्प्युटरला मराठी अक्षरं मिळतात, म्हणून काहीच सापडत नाही. पासवर्ड ‘चुकीचा’ येण्यामागेही पुष्कळदा हेच असतं. कोपऱ्यात ‘मराठी’ दिसतंय का ते आधी पाहा.

मी काहीच न करता भाषा बदलते. का?

डावं ऑल्ट + शिफ्ट हाही भाषा बदलण्याचा शॉर्टकट आहे आणि दुसरं काही दाबताना तो नकळत लागतो. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, तिथे ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’ उघडा, ‘चेंज की सीक्वेन्स’मध्ये ‘नॉट असाइन्ड’ निवडा. त्याच पानावर प्रत्येक विंडोसाठी वेगळी भाषा ठेवण्याचा पर्यायही आहे. वर्डमध्ये मराठी आणि एक्सेलमध्ये इंग्रजी असं काम असेल तर तो चालू करा.

रुपयाचं ₹ चिन्ह कसं काढू?

कीबोर्ड ‘इंग्लिश (इंडिया)’ असेल तर उजवं ऑल्ट + ४, किंवा कंट्रोल + ऑल्ट + ४. ‘यूएस’ कीबोर्ड निवडलेला असेल तर हे चालत नाही. बटणावर ₹ छापलेलं असूनही उमटत नाही, त्याचं कारण बहुधा हेच. वर्डमध्ये आणखी एक वाट आहे: दोन, शून्य, इंग्रजी बी, नऊ असं सलग टाइप करा आणि लगेच ऑल्ट + एक्स दाबा. एक्सेलमध्ये ही युक्ती चालत नाही, तिथे विंडोज + टिंब दाबून चिन्हांच्या पॅनेलमधून घ्या.

हे चिन्ह सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारलं. ते रेखाटणारे डी. उदय कुमार आपल्या पवईच्या आयआयटीत शिकलेले. कीबोर्डवर ते आलं त्यानंतर, म्हणून जुन्या कीबोर्डांवर ते छापलेलं नाही. टाइप मात्र त्यांवरूनही होतं.

लॅपटॉपवर एफ५ दाबलं की आवाज किंवा ब्राइटनेस बदलतो. टॅलीत काम कसं करायचं?

लॅपटॉपवर वरच्या रांगेची बटणं मुळात आवाज, ब्राइटनेस, वाय-फाय यांना जोडलेली असतात. खरा एफ५ मिळवायला एफएन धरावं लागतं. टॅलीप्राइममध्ये एफ४ काँट्रा, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ परचेस. दिवसभर व्हाउचर मारणाऱ्याला प्रत्येक वेळी एफएन धरणं परवडत नाही.

लेनोवो आणि डेलच्या बहुतेक लॅपटॉपवर एफएन + एस्केप दाबलं की एफएन लॉक होतं आणि वरची रांग सरळ एफ बटणांसारखी चालते. पुन्हा दाबलं की पूर्ववत. एचपीच्या बऱ्याच लॅपटॉपवर हे बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बदलावं लागतं: सुरू करताना एफ१०, सिस्टिम कॉन्फिगरेशन, ‘ॲक्शन कीज मोड’ डिसेबल, मग सेव्ह करून बाहेर. बायोसमधल्या बाकी कशाला हात लावू नका.

एका लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर लावला होता. तो काढल्यावर एक विंडो टास्कबारवर दिसते, पण स्क्रीनवर येत नाही.

ती विंडो काढलेल्या मॉनिटरच्या जागी उघडी आहे. ऑल्ट + टॅबने ती निवडा. आधी विंडोज + शिफ्ट + डावा बाण करून पाहा, याने विंडो एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर जाते. नाही आली तर ऑल्ट + स्पेस, मग एम, मग कोणताही एक बाण दाबा आणि माऊस हलवा. विंडो पॉइंटरला चिकटून आत येते. जागेवर आली की एंटर. मेनूत ‘मूव्ह’ फिकट दिसत असेल तर विंडो मोठी केलेली आहे. आधी ऑल्ट + स्पेस, मग आर, आणि मग पुन्हा तीच कृती.

प्रोजेक्टर किंवा दुसऱ्या मॉनिटरवर काय दाखवायचं ते विंडोज + पी ने ठरतं. मीटिंगमध्ये ‘डुप्लिकेट’ आणि ‘एक्स्टेंड’ यांतली चूक महागात पडते. एक्स्टेंडमध्ये तुमच्यापुरती विंडो तुमच्याच स्क्रीनवर राहते.

स्क्रीन दोन भागांत कशी वाटायची?

विंडोज + डावा किंवा उजवा बाण. त्यानंतर वरचा किंवा खालचा बाण दाबला की पाव स्क्रीन. विंडोज ११ मध्ये विंडोज + झेडने मांडणीचे नमुने येतात. काम पूर्ण वेगळं ठेवायचं असेल तर विंडोज + कंट्रोल + डी ने नवा डेस्कटॉप उघडा आणि विंडोज + कंट्रोल + बाणांनी ये-जा करा. विंडोज + कंट्रोल + एफ४ ने तो बंद होतो. त्यातल्या विंडो मात्र बंद होत नाहीत, शेजारच्या डेस्कटॉपवर जातात. लपवलेलं काम बॉससमोर अवतरतं ते असं.

स्क्रीनशॉट?

विंडोज + शिफ्ट + एस, हवा तेवढा भाग ओढा, आणि व्हॉट्सॲप वेबमध्ये किंवा मेलमध्ये कंट्रोल + व्ही. फक्त चालू विंडो हवी तर ऑल्ट + प्रिंट स्क्रीन. विंडोज + प्रिंट स्क्रीनने अख्खी स्क्रीन पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स फोल्डरमध्ये फाइल म्हणून साठते.

कॉम्प्युटर हँग झाला तर थेट पॉवर बटण दाबू का?

ते सगळ्यात शेवटी. आधी एस्केप, मग थोडा वेळ थांबा. हलत नसेल तर कंट्रोल + शिफ्ट + एस्केपने टास्क मॅनेजर उघडा, अडकलेल्या प्रोग्रामवर बाणांनी जा आणि डिलीट दाबा. त्या प्रोग्राममधलं सेव्ह न केलेलं काम जाईल, बाकीचं वाचेल. टास्कबारच गोठला असेल तर यादीत ‘विंडोज एक्सप्लोरर’ शोधून ‘रीस्टार्ट’ करा. स्क्रीन काळी पडली पण आवाज येतोय, अशा वेळी विंडोज + कंट्रोल + शिफ्ट + बी दाबा. एक बीप येतो, स्क्रीन लुकलुकते आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडे प्रोग्राम बंद होत नाहीत.

कंट्रोल + ऑल्ट + डिलीट ही जोडी आयबीएममधल्या डेव्हिड ब्रॅडली यांनी १९८१च्या पीसीसाठी, मशीन पटकन रीस्टार्ट करायला बनवली होती. आजच्या विंडोजमध्ये ती सुरक्षेची स्क्रीन उघडते. ही जोडी कोणताही साधा प्रोग्राम मध्येच अडवू शकत नाही. लॉगिनची खोटी स्क्रीन दाखवून पासवर्ड चोरता येऊ नये, म्हणून काही ऑफिसांत आधी ती दाबायला लावतात.

विंडोज + आर कशाला?

नाव लिहून प्रोग्राम उघडायला. ‘कॅल्क’चं स्पेलिंग लिहून एंटर मारलं की कॅल्क्युलेटर, ‘नोटपॅड’ लिहिलं की नोटपॅड, ‘विनव्हर’ लिहिलं की विंडोजची नेमकी आवृत्ती. एंटरऐवजी कंट्रोल + शिफ्ट + एंटर दाबलं तर प्रोग्राम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडतो. बँका आणि मोठ्या कंपन्यांच्या मशीनवर हे पॉलिसीने बंद असू शकतं, त्यात तुमच्या कीबोर्डचा दोष नाही.

इथे एक इशारा अगदी महत्त्वाचा. काही वेबसाइट ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ म्हणून विंडोज + आर, मग कंट्रोल + व्ही, मग एंटर दाबायला सांगतात. तोवर त्या पानाने तुमच्या क्लिपबोर्डमध्ये एक कमांड गुपचूप भरलेली असते. तुम्ही एंटर मारलंत की व्हायरस तुम्हीच चालवलेला असतो. कोणत्याही खऱ्या कॅप्चाला विंडोज + आर लागत नाही. फोनवरून ‘मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, ही बटणं दाबा’ म्हणणाऱ्यालाही हेच लागू. असं काही दाबून झालं असेल तर इंटरनेट तोडा, बँकेचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

कालपर्यंत चालणारे शॉर्टकट आज चालत नाहीत. कीबोर्ड बदलू का?

आधी हे तपासा. शिफ्ट सलग पाच वेळा दाबलं गेलं की स्टिकी कीजची विचारणा येते. सवयीने ‘यस’ केलंत की कंट्रोल, ऑल्ट दाबून सोडले तरी चिकटून राहतात. उजवं शिफ्ट ८ सेकंद धरलं गेलं तर फिल्टर कीज चालू होतात आणि हलके किंवा भरभर मारलेले ठोके गाळले जातात. दोन्ही सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटी, कीबोर्ड इथे बंद करता येतात आणि त्यांचे शॉर्टकटही.

एक्सेलमध्ये बाण दाबल्यावर सेलऐवजी अख्खी शीट सरकते? स्क्रोल लॉक लागलं आहे. लॅपटॉपवर ते बटणच नसतं, म्हणून विंडोज + कंट्रोल + ओ ने स्क्रीनवरचा कीबोर्ड उघडा आणि तिथलं स्क्रोल लॉक दाबा. छोट्या जुन्या लॅपटॉपवर यू, आय, ओ दाबल्यावर ४, ५, ६ उमटत असतील तर नम लॉक काढा. फक्त विंडोज की मेली असेल आणि कीबोर्ड गेमिंगचा असेल तर एफएन + विंडोज दाबून पाहा. खेळताना ती चुकून लागू नये म्हणून अशा कीबोर्डांवर तिला कुलूप असतं.

हे सगळं ठीक असूनही विचित्र वागणूक असेल तर बहुधा एखादं कंट्रोल किंवा शिफ्ट खाली अडकलं आहे. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत धूळ आणि ओल मिळून बटणांखाली चिकट थर बसतो. स्क्रीनवरच्या कीबोर्डवर कोणतं बटण आपोआप दाबलेलं दिसतंय ते पाहा. मशीन बंद करून ते बटण साफ करा. पाणी फवारू नका.

रिमोट डेस्कटॉपवर ऑल्ट + टॅब केलं की माझ्याच मशीनच्या विंडो बदलतात.

जोडणी करण्यापूर्वी ‘शो ऑप्शन्स’, ‘लोकल रिसोर्सेस’ इथे कीबोर्डसाठी ‘ऑन द रिमोट कॉम्प्युटर’ निवडा. मुळात ते फक्त फुल स्क्रीनमध्येच पलीकडे जातं. पलीकडच्या मशीनला कंट्रोल + ऑल्ट + डिलीट द्यायचं असेल तर कंट्रोल + ऑल्ट + एंड दाबा.

स्वतःचा शॉर्टकट बनवता येतो?

येतो. डेस्कटॉपवर प्रोग्रामचा किंवा फोल्डरचा शॉर्टकट आयकॉन ठेवा, तो निवडून ऑल्ट + एंटर दाबा, ‘शॉर्टकट की’च्या रकान्यात एखादं अक्षर दाबा. विंडोज स्वतःच कंट्रोल + ऑल्ट जोडतं. आयकॉन डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूत असेल तरच हे चालतं. दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला की शॉर्टकट गप्प होतो. आकडा ४ टाळा, नाहीतर ₹ उमटणं बंद पडेल.

माऊस मध्येच बंद पडला किंवा लोकलमध्ये मांडीवर लॅपटॉप आहे. पूर्ण काम कीबोर्डने होईल?

बहुतेक होईल. टॅबने पुढे, शिफ्ट + टॅबने मागे, स्पेसने टिक, एंटरने होकार, एस्केपने नकार. उजव्या क्लिकसाठी शिफ्ट + एफ१०. हे लक्षात असू द्या, कारण २०२४ पासून येणाऱ्या पुष्कळ लॅपटॉपवर मेनू बटणाची किंवा उजव्या कंट्रोलची जागा कोपायलट बटणाने घेतली आहे. बंद करायला विंडोज + एक्स, मग यू, मग पुन्हा यू. ही अक्षरं विंडोज इंग्रजीत असेल तेव्हाची. वेगळा नंबर पॅड असेल तर डावं ऑल्ट + डावं शिफ्ट + नम लॉक दाबून पॉइंटरही ४, ६, ८, २ ने हलवता येतो आणि ५ ने क्लिक होतो.

ब्राउझरमध्ये एकच शॉर्टकट शिकायचा तर कोणता?

कंट्रोल + शिफ्ट + टी. चुकून बंद झालेला टॅब परत येतो. पुन्हा दाबलं की त्याच्या आधीचा. दुसरा जमला तर कंट्रोल + एल, ॲड्रेस बारसाठी.

मॅकवर हेच कसं?

कंट्रोलच्या जागी बहुतेक ठिकाणी कमांड. कमांड + स्पेसने स्पॉटलाइट म्हणजे मॅकचा शोध, कमांड + टॅबने प्रोग्राम बदलतात, आणि एकाच प्रोग्रामच्या विंडोंमध्ये फिरायला कमांड + टॅबच्या वरचं बटण. विंडोजमधून आलेल्याला फाइंडर, म्हणजे मॅकचा एक्सप्लोरर, चकवतो: तिथे एंटरने फाइल उघडत नाही, तिचं नाव बदलायला येतं. उघडायला कमांड + ओ. फाइल कट होत नाही, कॉपी करून पेस्ट करताना कमांड + ऑप्शन + व्ही दाबलं की ती हलते. लॉक करायला कंट्रोल + कमांड + क्यू, अडकलेला प्रोग्राम बंद करायला कमांड + ऑप्शन + एस्केप.

आणि लिनक्स?

उबुंटूत कंट्रोल + ऑल्ट + टी ने टर्मिनल उघडतं. टर्मिनलमध्ये कंट्रोल + सी म्हणजे चालू काम तोडणं. कॉपीसाठी कंट्रोल + शिफ्ट + सी.

घरातल्या दृष्टिहीन व्यक्तीला कॉम्प्युटर वापरायचा आहे. कुठून सुरू करू?

विंडोज + कंट्रोल + एंटरने विंडोजमधला नॅरेटर, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम, बोलू लागतो. त्याहून जास्त वापरला जातो तो एनव्हीडीए हा तसाच प्रोग्राम, पूर्ण मोफत. इन्स्टॉल करताना डेस्कटॉप आयकॉन ठेवला तर कंट्रोल + ऑल्ट + एन ने सुरू होतो. त्याचे आदेश इन्सर्ट बटण धरून द्यायचे असतात, म्हणून इन्सर्ट वेगळं आणि सहज सापडेल असा कीबोर्ड घ्या.

शॉर्टकटने मनगट दुखतं.

एकाच हाताची करंगळी वाकवून कंट्रोल आणि अक्षर दोन्ही दाबत असाल. अक्षर डावीकडचं असेल तर कंट्रोल उजव्या हाताने दाबा. ऑल्टसाठी अंगठा वापरा. कीबोर्डमागचे पाय उघडू नका, त्याने मनगट वर वळतं.

लॅमिंग्टन रोडवर नवा कीबोर्ड घ्यायला जातोय. काय बघू?

होम, एंड, पेज अप, पेज डाउन वेगळी बटणं म्हणून असावीत, एफएनमध्ये दडवलेली नकोत. उजवं कंट्रोल आणि मेनू बटण आहे का पाहा. अकाउंट्सचं काम असेल तर नंबर पॅड हवाच. देवनागरी अक्षरं छापलेली असतील तर ती इनस्क्रिप्ट मांडणीची आहेत ना, हे ‘एन’वर ‘ल’ आणि ‘ळ’ आहे का यावरून कळतं. दुकानातच जोडून कंट्रोल + शिफ्ट + एस्केपसारखी तीन बटणांची जोडी दाबून बघा, आणि बिल घ्यायला विसरू नका.